नोंदी: शून्य

आरफाच्या फाइलीत बावन्न कागद होते: एकतीस पानं मोजमापांची, सोळा प्रबंधाच्या मसुद्याची, चार फोटो आणि इंटरनेटवरच्या शोधनिबंधांच्या सूचीतून छापून घेतलेलं एक पान. त्या पानावर एका वेलीचं लॅटिन नाव होतं आणि खाली ‘नोंदी: शून्य’.

म्हणजे या वेलीवर जगात कुणीच काम केलेलं नव्हतं. त्या एका पानाच्या जोरावर पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी २००३ साली तिचा पीएचडीचा विषय मंजूर केला होता. वेल येडगाव धरणाच्या भरावावर उगवायची; मेंढपाळ तिचा पाला मेंढरांच्या जखमांना चोळायचे. त्या पाल्याच्या अर्कानं जंतू मरतात का, हे आरफा तपासत होती. तालुक्यातल्या एका कॉलेजात ती तासांवर शिकवायची. पीएचडी झाली तरच जागा कायम होणार होती.

दोन वर्षांनी प्रबंधाला ओळखीचा दाखला जोडायला म्हणून तिनं वेलीचा वाळवलेला नमुना पुण्याच्या वनस्पती-संग्रहालयाला पाठवला. उत्तर आलं: वेल बरोबर ओळखली आहे, पण हे नाव जुनं, शास्त्रज्ञांनी ते अठरा वर्षांपूर्वीच बदललं. आरफानं नाव घेतलं होतं कॉलेजच्या कपाटातल्या इंग्रजांच्या काळातल्या ग्रंथातून. कपाटात दुसरा ग्रंथच नव्हता.

ती तडक नारायणगावच्या स्टँडसमोर भरतच्या सायबर कॅफेत गेली. शोधनिबंधांच्या सूचीची साइट उघडायला सात मिनिटं लागली. तिनं नवं नाव टाकलं. एक्केचाळीस नोंदी आल्या.

भरत मागून डोकावला. “ताई, शून्य आलं तवा तुमी पेढे वाटले. आज येक्केचाळीस आलं, तर तोंड का पडलं?”

एकेक सारांश वाचत ती अकराव्या नोंदीपाशी थांबली. १९९७ सालचा परदेशातला निबंध. तीच वेल, त्याच तीव्रतेचा अर्क, तोच जंतू; अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ चौदा मिलिमीटरचं.

तिनं तिथल्याच बूथवरून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“नियमात विषय नवा लागतो, आरफा,” सर म्हणाले. “आता नवं काय उरलं त्यात?”

तिनं विषय बदलून मिळेल का, असं विचारलं. नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती आणि एप्रिल निम्मा सरला होता. सरांनी तिला पुण्याला येऊन जायला सांगितलं. कशासाठी, ते मात्र सांगितलं नाही.

कॉलेजात जंतू आणि अर्क घातलेल्या शेवटच्या तीन काचेच्या ताटल्या उबवणीयंत्रात तयार होत्या. आदल्या दिवशी तिनंच ठेवल्या होत्या. आरफानं त्या बाहेर काढल्या, खिडकीपाशी नेल्या आणि वर्तुळांना मिलिमीटरची पट्टी लावली.

चौदा, चौदा, साडेतेरा.