बदामी भिंतीवरची पाच बोटं

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यातल्या एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत मी उभी आहे. गवंड्यांनी मला घाईत बांधलं, वायरी घाईत गाडल्या आणि वरून पांढरा चुना फासला.

१९९८ साली विलास आणि मनोरमा इथे राहायला आले. सोबत पाच वर्षांची सुरुची. माझा पांढरेपणा मनोरमाला दवाखान्यासारखा वाटे. शेडकार्ड आठवडाभर चाळून तिने फिकट बदामी रंग निवडला. "घरात शिरलं की ऊब वाटली पाहिजे," ती म्हणाली. वसईच्या प्लासिड पेंटरने मला घासलं, भेगांत लांबी भरली, रंगाचे दोन हात मारले. आल्यागेल्याने माझं कौतुक केलं. सुरुचीचा पलंग माझ्याशेजारी आला. मी सुखावले.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझ्यात काहीतरी बिघडलं. पलीकडच्या न्हाणीघराची ओल आत झिरपत होती. मी आतून तापू लागले, पण सांगणार कशी? मग पलंगाच्या वर एक करडा डाग उमटला. त्याला पाच बोटं होती.

मनोरमाने उरलेला रंग त्यावर फिरवला. आठ दिवसांत तो परत आला, जरा मोठा होऊन. पुन्हा रंग, पुन्हा डाग. शेजारच्या पॉलिनने दारातूनच पाहिलं आणि हळूच विचारलं, "इथे आधी कोणी गेलं होतं का गं?" त्या दिवसापासून मनोरमा त्या खोलीत एकटी जाईना. मला फार वाईट वाटलं. ती मलाच घाबरत होती.

एका दुपारी सुरुचीने आपला तळहात त्या डागावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

"आई, भिंतीला ताप आलाय."

"ऊन लागलं असेल."

"इथे ऊन कुठे येतं?"

मनोरमाने तिला खसकन मागे ओढलं. त्याच संध्याकाळी विलासने प्लासिडला बोलावलं. "गडद रंग मार, म्हणजे दिसणार नाही," तो म्हणाला. प्लासिडने ब्रश उचलला, सहज मला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"वहिनी, रंग नाय लावत मी. आधी मेन स्विच बंद करा. पोरीला बाहेर न्या!"

त्याने प्लास्टर फोडलं. आत ओलीमुळे वायरी तापून, वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. पलंगाची उशी तिथून वीतभर अंतरावर होती. मनोरमाने सुरुचीला कवटाळलं.

"वायरींच्या वाटेनेच काजळी वर आली," प्लासिडने समजावलं. मग त्याने वायरी मोजल्या, पुन्हा मोजल्या. वायरी चार होत्या. बोटं पाच. पाचव्या बोटाचं मलाही सांगता येत नाही, मित्रांनो.

नव्या वायरी आल्या, न्हाणीघराची गळती बुजवली, मनोरमाने पुन्हा तोच बदामी रंग लावून घेतला. डाग परत कधी आला नाही. २००६ साली ते चंदनसारला राहायला गेले.

आता नवे लोक येतील, नवं शेडकार्ड उघडतील. त्यांना आणि तुम्हालाही एवढंच सांगते. घराला हवा तो रंग द्या. पण भिंतीवर डाग दिसला, तर ब्रश बुडवण्याआधी तिला एकदा तळहात लावून बघा.