सतरा नंबर, गप्प!

भूगोलसरांनी स्वतः धड्याचा व्हिडिओ करायचा आणि शुक्रवारपर्यंत तो दोनशे जणांनी पाहिला नाही, तर नववीचा भूगोल त्यांच्याकडून काढून तयार व्हिडिओंकडे द्यायचा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं. बाई कधीकाळी सरांच्याच नववीत शेवटच्या बाकावर बसायच्या, पण खुर्चीला भिडस्त राहून चालत नाही. तयार व्हिडिओतला मास्तर तरुण होता, कायम हसत होता आणि त्याच्यामागे पृथ्वी आपोआप फिरायची. सरांची पृथ्वी हाताने फिरवावी लागे, आणि तिचा दक्षिण ध्रुव कधीच निखळला होता.

एकतीस वर्षांची नववी गेली, तर हाती राहणार होतं पाचवीचं कागदकाम. म्हणून रविवारी सकाळी सर घरातल्या कपाटासमोर उभे राहिले. कपाटाच्या दारावर खडू छान उठतो. मोबाईल बायकोच्या हातात होता.

"हं, लाल ठिपका आला. बोला."

सरांनी हजेरीची वही उघडली. "नंबर एक!"

सरांनी वहीवरून मान वर केली.

"अहो, समोर कोणी नाहीये."

"म्हणून काय हजेरी घ्यायची नाही?"

बायकोला कपडे वाळत घालायचे होते. तिने बेचाळीस वेळा भराभर "हजर" म्हणून टाकलं.

"चार नंबरचा घसा बसलेला दिसतोय," एवढं म्हणून सर व्यापारी वाऱ्यांकडे वळले. कपाटावर बाण काढता काढता, मागे न बघताच, ते कडाडले, "सतरा नंबर, गप्प! अठराच्या कानात काय सांगतेस? नऊ, पेन्सिल तोंडातून काढ. एकतीस, वारे खिडकीबाहेर नाहीत, इथे आहेत!"

"हे कापायचं ना?" बायकोने शेवटी विचारलं.

"कापायचं काय त्यात? वर्ग आहे तो."

बुधवार दुपारपर्यंत व्हिडिओ तेरा वेळा पाहिला गेला. त्यातले अकरा वेळा बायकोने.

"सर, निदान हजेरी तरी काढा," शिक्षकांच्या खोलीत कॉम्प्युटरचे सर कळवळून म्हणाले. "लोक पाच सेकंदांत पळतात."

"जो हजेरीलाच पळाला, तो वाऱ्यांपर्यंत काय टिकणार?"

त्याच संध्याकाळी सतरा आणि अठरा नंबर या दोघी शेजारणींनी सरांच्या नकला करायला म्हणून एकाच मोबाईलवर तो व्हिडिओ लावला. सतरा अठराच्या कानाला लागली, "कपाटाचा फळा केलाय बघ," आणि नेमके सर कडाडले. मोबाईल हातातून सुटून जमिनीवर पालथा पडला. जमिनीतून सरांचा आवाज येतच राहिला.

वर्गाच्या ग्रुपवर तीनच शब्द आले : 'सरांना आपण दिसतो.'

कोणाचाही विश्वास बसला नाही, म्हणून सगळ्यांनी लावून पाहिला. नऊच्या तोंडात खरंच पेन्सिल निघाली. एकतीसला तर खिडकीखेरीज दुसरा उद्योगच नव्हता. चार नंबर सोमवारपासून गुळण्या करत होता आणि सर रविवारीच बोलले होते! त्याच्या आईने व्हिडिओ दोनदा पाहिला, पुढे कुठे औषध सांगितलंय का म्हणून. मग बाकीच्या आया बसल्या, मग दहावीची मुलं. शुक्रवारी आकडा सहाशेचाळीसवर होता.

बाईंनी सरांना बोलावून घेतलं. "सर, सतराला कसं पकडलंत?"

"बाई, सतरा अठराशी बोलली नाही असा एक तास एकतीस वर्षांत गेला नाही. मुलं बदलतात. बाकं तीच."

"नववी तुमचीच," बाई हसल्या.

सर गेल्यावर बाईंनी दार लोटलं, चहात बिस्किट बुडवलं आणि इतके दिवस न पाहिलेला तो व्हिडिओ लावला. बिस्किट ओठांशी आलं, तेवढ्यात सर कपाटाकडे तोंड करूनच म्हणाले, "शेवटच्या बाकावर कोण खातंय?"

बाईंनी बिस्किट खणात टाकलं, खण बंद केला.

"कोणी नाही, सर," त्या उभ्या राहून म्हणाल्या.