अंगठ्याने चोरलेले सेकंद

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. किती वाजले ते मला विचारू नका. किती वेळ लागला, एवढेच मला कळते. आधी मी मैदानावर पळणाऱ्या मुलांचे सेकंद मोजले. तेव्हा माझे कोण कौतुक! मग औषधांच्या प्रयोगशाळेत आलो.

इथे निम्म्या उंदरांना झाडपाल्याचा काढा पाजत, निम्म्यांना नुसते पाणी. मग सगळ्यांना आकडी आणणारी सुई टोचत. सुई टोचली की माझे बटण दाबायचे, पहिला झटका आला की पुन्हा दाबायचे. काढ्याने झटका लांबला, तर काढ्यात गुण.

संशोधक बाईंची सहा वर्षांची लेक आकडीनेच बेजार होती. काढा सासूबाईंच्या माहेरचा. "गोळ्यांनी पोर नुसती पेंगते गं," त्या फोनवर म्हणायच्या. "तुझे उंदीर हो म्हणाले, की सोमवारपासून गोळ्या बंद!" बाईही देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

निळी शेपटी म्हणजे काढा. खुणा बाईंनीच केलेल्या. निळ्या शेपटीच्या उंदराला झटका आला की त्यांचा अंगठा माझ्यावर थबके. "हा झटका नाही, दचकलाय नुसता," त्या पुटपुटत. कधी दहा सेकंद जात, कधी वीस. काढा जिंकत चालला. मला ओरडावेसे वाटे. पण मला काटा आहे, जीभ नाही.

शेवटी पिंजरे धुणारे मामा बोलले, "बाई, तो निळा केव्हाच आडवा झाला. घड्याळ झोपलं होतं की काय?"

"मामा, तुम्हाला काय कळतं यातलं?"

"काही नाही. म्हणूनच द्या माझ्याकडे. शेपट्यांवर नुसते नंबर घाला, आणि मला सांगू नका कोण कुठला."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मला मामांच्या तळहातावर ठेवले.

नवे चोवीस उंदीर आले. मामांचा खरखरीत अंगठा एकदाही अडखळला नाही. बाईंनी कुठल्या नंबराला काढा दिला ती यादी उघडून आकडे जुळवले. काढा आणि पाणी, दोन्ही सारखेच. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तिथूनच सासूबाईंना फोन लावला.

"आई, गोळ्या बंद करू नका. एकही चुकवू नका."

"मग आता काय गं करायचं?"

"माहीत नाही, आई."

आता मी कपाटात पडून असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण ज्याचा जीव उत्तरात अडकला आहे, त्याच्या हाती मला देऊ नका. पहिल्या खेपेलाही चोवीस उंदीर होते. ते तडफडले, आणि आम्ही त्यांचे खरे सेकंदसुद्धा लिहून ठेवले नाहीत.