कढईला तेल लावू नये

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. नाक मुरडू नका, या घरात ते काम माझ्याकडे आहे. माझ्यात कधी भजी तळली नाहीत की लग्नाचं मटण शिजलं नाही. मी रंगरेजाची कढई. धारूरच्या एका गल्लीत, रहेमतबीच्या अंगणातल्या चुलीवर, माझ्यात कापडं रंगत आली. ज्यांना भजी आणि रंग सारखेच वाटतात त्यांच्याशी मी एरवी बोलत नाही. तुमच्याशी बोलते, कारण तुम्ही अजून लहान आहात. सुधाराल.

मला नांदूरघाटच्या सटवा लोहारानं घडवलं. पत्रे ठोकले, रिव्हेट मारले, दोन बाजूंना दोन जाड कड्या बसवल्या. रहेमतबीच्या सासऱ्यानं मला बैलगाडीत घालून घाट चढवला. इथे आले तर शेजारी तांब्याचा हंडा, कल्हई लावून मिरवणारा. तांब्याच्या भांड्यात रंग खुलतो, असं जो तो म्हणायचा. खुलतो, मान्य. पण नुसत्या खुललेल्या रंगाला पाचपोच नसते. लोखंडात रंग शहाणा होतो. माझा गंज थोडा थोडा पाण्यात उतरतो आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा वाळल्या कुसळी गवताचा होतो. बाभळीची साल राखी होते, आणखी ठेवली तर कातळासारखी काळी. हे हंड्याला जन्मात जमलं नाही.

आसपासच्या गावांतली माणसं पटके आणि लुगडी घेऊन यायची. रंग उन्हात विटत नाही म्हणून कौतुक व्हायचं, आणि कौतुक सगळं रंगरेजाचं व्हायचं. भांड्याला कोण विचारतो? मग रंगाची पाकिटं आली. बादलीभर थंड पाणी, एक पाकीट, आणि गुलाबी असा की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. लोकांना तोच आवडला. लोकांच्या आवडीबद्दल माझं मत मी तुमच्यासमोर सांगत नाही, तुमच्या घरचीच माणसं निघायची. चूल विझली. माझ्यात शेळ्या पाणी पिऊ लागल्या. हंडा मोडीत गेला. त्याचं मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

पुढं रहेमतबीच्या सलीमचं लग्न झालं. सलीम मोटारसायकली दुरुस्त करतो, अंगणाला लागूनच त्याचं गॅरेज आहे. त्याची बायको अस्मा, आष्टीची. तिनं सासूच्या पेटीतले जुने पटके पाहिले आणि रंग कसे करायचे म्हणून मागंच लागली. चूल पुन्हा पेटली, पण रहेमतबीचे गुडघे धरलेले, चुलीपुढं फार वेळ बसवत नव्हतं. ती बाजेवर बसून सांगायची आणि अस्मा साली कुटायची, पाणी आणायची. कापड मात्र सासूच उठून बुडवायची. अस्माला वाटायचं, अम्मी आपल्याला रंगरेज समजत नाही. तिला वाटायचं ते खरंच होतं.

याच दिवसांत बीडहून ईश्वरीताई आल्या. त्यांचं हाताच्या वस्तूंचं दुकान आहे. गाडी बिघडली म्हणून सलीमकडे थांबल्या आणि अंगणात मला पाहून थबकल्या. मला वाटलं, चला, जाणकार माणूस भेटलं.

"किती सुंदर," त्या म्हणाल्या. "हिच्यात निवडुंग काय दिसेल."

मित्रांनो, निवडुंग. आमच्याकडं बांधाबांधावर उगवतो आणि शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. त्यांच्या दुकानात म्हणे यंदा सगळं वाळवंटाच्या रंगाचं ठेवायचं होतं. ओढण्या, पडदे, मातीचे मणी, आणि दारात निवडुंगाची कुंडी. ती कुंडी म्हणजे मी. त्यांनी मोबाइलवर वाळूच्या टेकड्यांचा फोटो दाखवला.

रहेमतबीनं मोबाइल लांब धरून पाहिला. "हे तर आपलंच हाय," ती म्हणाली. "वैशाखात घाटावर उभं ऱ्हावा, ह्येच दिसतंय. मुरूम, वाळलेलं गवत, काळा कातळ. त्याच्यापाई रेगिस्तानात कावून जायचं?"

सलीमला रंगाशी कर्तव्य नव्हतं. "अम्मी, दिऊन टाकू कढई. जागा मोकळी व्हईल, गाड्या धुवायला रॅम्प बसवतो मी."

"न्हाई," अस्मा म्हणाली. ती नवऱ्यापुढं सहसा बोलत नसे. "ताई, हे रंग मी करते. ओढण्या करून दावते तुमाला. पसंत पडल्या तर कढई हितंच ऱ्हाईल."

ईश्वरीताई हसल्या. "करा की. पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊनच येते. आवडल्या तर ओढण्या नेईन, नाही तर कढई."

माझा फैसला असा दोन बायकांनी उभ्या उभ्या केला. मला कुणी विचारलं नाही. निवडुंगाला तरी विचारलं असेल का?

त्याच आठवड्यात रहेमतबी लेकीच्या बाळंतपणाला केजला गेली. अस्मा एकटी उरली. पहिल्याच सकाळी तिनं मला नीट निरखून पाहिलं, आणि मला पुढचं कळून चुकलं. तिनं विटेची भुकटी घेतली आणि मला घासायला बसली. वर्षानुवर्षं जमवलेला माझा गंज तिनं दुपारपर्यंत धुऊन टाकला. मग वाटीभर करडईचं तेल आणून माझ्या अंगाला चोळलं, जणू मी आखाड्यात उतरणार होते. तिच्या आईनं शिकवलेलंच ते. लोखंडाचा तवा असो की कढई, घासून तेल लावावं, म्हणजे चांगल्या घरची पोर दिसते. तवा-कढईला ते बरोबरच आहे. पण मी कोण आहे हे आधी सांगून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यात डाळिंबाच्या साली उकळल्या आणि रंग धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यात भिजवलेली ओढणी आत सोडली. डाळिंबाचा रंग गंजाशिवाय उठवळ पिवळा चढला, हळदीच्या मांडवातला. वर जागोजाग तेलकट डाग, तिथं रंग धरलाच नाही. अस्मा ती ओढणी हातात घेऊन चुलीपुढं बसून राहिली. सलीम गॅरेजातून डोकावला आणि टेप घेऊन रॅम्पची जागा मोजू लागला. मला दोघांचीही कीव आली नाही. तेलात माखलेल्या कढईनं किती जणांची कीव करायची?

रहेमतबी परतली. उंबऱ्यातूनच तिला माझी चमक दिसली. ती ओढणी तिनं उजेडात धरली, डागांवरून बोट फिरवलं आणि मधोमध टर्रकन फाडली. अस्माच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अम्मी, मला न्हाई जमणार," ती म्हणाली. "नेऊ द्या कढई."

"रडती कावून?" रहेमतबी म्हणाली. तिनं फाडलेल्या तुकड्यांच्या जाड घड्या घातल्या आणि माझ्या दोन कड्यांना एकेक गुंडाळली. "रंगरेजाच्या घरात नव्या हाताचं पहिलं कापड इकत न्हाईत. त्यानं कढई धरायची. ऱ्हातं तवर."

मग ती आत गेली आणि पेटीच्या तळातून एक चिंधी घेऊन आली. कडा जळलेल्या, मध्ये विरलेली. तिच्यावरही तसाच उठवळ पिवळा होता आणि तसेच तेलकट डाग.

"माझी," ती म्हणाली. "मीबी तेल चोळलतं. माज्या सासूनंबी चोळलतं."

मित्रांनो, हे खरं आहे. या घरात आलेल्या तिन्ही सुनांनी मला तेल लावलं. तिघींच्या आया सारख्याच शहाण्या. अस्मा आधी चिंधीकडं पाहत राहिली, मग सासूकडं, आणि मग डोळे पुसता पुसता हसायला लागली.

त्यानंतर दोघींनी मला राख आणि रिठ्यानं धुऊन तेल काढलं. मिठाचं पाणी भरून मला उन्हात ठेवलं, गंज चढायला. सलीम कपाळाला हात लावून म्हणाला, "आक्खी दुनिया गंज काढती, तुमी चढवा." पण संध्याकाळी तो गंजलेल्या नटबोल्टांनी भरलेला डबा घेऊन आला आणि माझ्याशेजारी ठेवून गेला. भंगार माझ्या पंक्तीला बसवलं त्यानं. रहेमतबीनं ते फडक्यात बांधून माझ्यात सोडलं. कामाला आलं, एवढंच म्हणेन. त्याहून जास्त मान मी भंगाराला देणार नाही.

मग अस्मानं कापड स्वतः बुडवलं. रहेमतबी बाजेवर बसून होती आणि तिनं एकदाही हात पुढं केला नाही. एक ओढणी वाळल्या कुसळीची झाली, एक काताच्या रंगानं तांबूस मुरमाची, एक राखी आणि एक कातळाची. चारही अंगणातल्या दोरीवर वाळत पडल्या आणि त्यांच्या पलीकडे घाट दिसत होता. ओढणी कुठं संपते आणि घाट कुठं सुरू होतो, हे कुणीतरी सांगायला लागलं असतं.

टेम्पो आला. ईश्वरीताईंनी ओढण्या अंगावर टाकून पाहिल्या. "अगदी राजस्थान," त्या म्हणाल्या. रहेमतबीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. सगळ्या ओढण्या त्यांनी ठेवून घेतल्या आणि आणखी करायला सांगितल्या. निघता निघता त्यांची नजर माझ्या कडीवर गेली.

"हे कापड कसलं? ह्याच्यावरचे डाग किती वेगळे आलेत. मला तर हेच सगळ्यात आवडलं. हे पण द्या ना."

अस्मानं कडीवर हात ठेवला. "ते इकायचं न्हाई, ताई," ती म्हणाली. "त्यानं कढई धरायची असती."

टेम्पो मला न घेताच घाट उतरला. सलीमनं रॅम्प गॅरेजच्या दुसऱ्या अंगाला बांधला. माझ्यात अजून कुणी निवडुंग लावलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं, काळं, गंजकं भांडं असेल. त्याला घासण्याआधी ते कुणाचं आहे, काय काम करतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एवढं काही कठीण नाही, तुम्हालाही जमेल. या घरात पुढं आणखी एक सून येईल. तिच्या आईनं तिला शहाणपण शिकवून पाठवलेलंच असेल. ती तेलाची वाटी घेऊन माझ्याजवळ येईल तेव्हा अस्मा तिला अडवणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. तोवर माझ्या कड्यांवरची ही चिंधीही विरलेली असेल, आणि नवी लागेलच.