यानाच्या दरवाज्याचे बोल्ट

परग्रहावरच्या प्रेमकथांची माझी पाच पुस्तकं टोपणनावानं निघाली, पण घरी मी भाषांतरं करते असंच सांगून, खोलीचं दार लावून लिहीत आले. कारण माझा प्रत्येक नायक, चार हातांचा असो की निळ्या कातडीचा, माझ्या नवऱ्यावर, गिरीराजांवरच बेतलेला.

सोमवारी नव्या कादंबरीचे कागद जेवणाच्या टेबलावर राहिले आणि गिरीराज ते उचलून यशवंतपूरच्या कारखान्यात घेऊन गेले. ते तिथे फिटर आहेत. दिवसभर माझा जीव टांगणीला. त्यात चुंबनाचीच तीन प्रकरणं!

संध्याकाळी कागद परत आले, ग्रीसच्या डागांसकट.

"स्वल्प चूक आहे," ते म्हणाले. "तुझा हीरो यानाच्या दरवाज्याचे बोल्ट ओळीनं गोल आवळत जातो. अशानं दार एका बाजूला उचलतं, हवा गळते. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा."

"आणि बाकीचं?"

"बाकी सरी आहे." त्यांच्या कानडी वळणाच्या बोलीत सरी म्हणजे ठीक.

माझा पाराच चढला. "अहो, तीनशे पानांत तुम्हाला बोल्टच दिसले?"

ते बेसिनपाशी साबणानं एकेक बोट चोळत होते, अगदी माझा नायक चोळतो तसं.

"चार हात दिलेस, चालेल," ते मागे न बघताच म्हणाले. "पण चंदना, मी बोल्ट असे आवळीन का?"

मी हुश्श केलं आणि पेन्सिल घेऊन लिहायला बसले. दार उघडंच ठेवलं.