न मोजलेला टप्पा

मी एक घड्याळ बोलतोय. भिंतीवर टांगलेलं, तास सांगणारं घड्याळ नव्हे. मला तास कळतच नाहीत. बास्केटबॉलच्या मैदानाला लागून नोंदणी करणाऱ्यांचं एक लांब मेज असतं, त्याच्यावर ठेवतात तो मी. पत्र्याची करडी पेटी, समोर लाल आकडे, डोक्यावर एक दिवा आणि मागून निघालेल्या वायरीच्या टोकाला एक काळं बटण. बटण दाबलं की मी उलटं मोजू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि शून्यावर आलो की दिवा लागून भोंगा वाजतो. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामात लाज वाटण्यासारखं काय घडणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी मला दोन दिवस एका मोठ्या प्रमाण घड्याळाशेजारी चालवून पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "शहाणं आहे हे. केसाइतकंही चुकत नाही." मग त्यांनी एका चिठ्ठीवर सही केली आणि ती माझ्या पोटाखाली चिकटवली. ती चिठ्ठी अजून आहे. कडा काळ्या पडल्यात, पण सही वाचता येते. तिचा मला फार अभिमान होता.

क्रीडागृहात मला ज्यांच्या हाती सोपवलं, त्यांना सगळे मास्तर म्हणत. दिवसा ते शाळेत गणित शिकवायचे आणि सामन्याच्या संध्याकाळी माझ्यामागे येऊन बसायचे. बसण्याआधी रुमालानं माझं बटण पुसायचे, मग शेजारच्या गुणलेखक बाईंना विचारायचे, "माझा चष्मा सरळ आहे ना?" बाई दर वेळी म्हणायच्या, "चष्मा सरळ आहे मास्तर, नाक वाकडं आहे." वीस वर्षं हाच विनोद आणि वीस वर्षं मास्तरांचं तेच हसणं.

पण एकदा अंगठा बटणावर ठेवला की ते हसत नसत. खेळ थांबलेला असताना बाहेरून चेंडू आत टाकतात. तो आतल्या खेळाडूच्या हाताला लागला, त्या क्षणी बटण दाबायचं. आधी नाही, नंतर नाही. नवीन माणूस शिकायला आला की मास्तर त्याला बजावायचे, "नजर चेंडूवर. माणसाकडे बघायची हौस असेल तर तिकीट काढा आणि वर जाऊन बसा."

माणसाकडे बघावंसं वाटेल असे दोन खेळाडू त्या काळात होते.

एक आमच्या शहराचा. लांब पाय, लांब मान, हवेत गेला की उतरायचं विसरल्यासारखा वाटणारा. लोक त्याला सारस म्हणत. पहिल्या वर्षी तो इतका काटकुळा होता की धक्का लागला की आमच्या मेजावर येऊन आदळायचा; मला तीन वेळा त्यानं खाली पाडलंय. पुढे त्याच सारसानं व्यावसायिक स्पर्धेतले बहुतेक सगळे विक्रम मोडले. खांदा निखळला, बोटं दोनदा मोडली, तरी पंधरा वर्षं खेळला.

दुसरा पाहुण्या संघातला. तो उंच नव्हता, त्याची उडीही बेताची. पण मैदानावर पाऊल टाकलं की कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुठे पळायचं, हे तोच ओरडून सांगायचा, पंचांनासुद्धा. म्हणून तो मुकादम. सारसाला रोखू शकणारा तो एकटाच. पंधरा वर्षांत तो चार वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि चारही वेळा हरला. त्याचे गुडघे संपत आले होते. पाचवा अंतिम सामना हा त्याचा शेवटचा, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. सारसाचाही तो शेवटचाच.

त्या संध्याकाळी मुकादमाचा संघ एका गुणानं पुढे होता आणि माझ्यावर दीड सेकंद उरला होता. चेंडू आमच्या शहराचा संघ बाहेरून आत टाकणार होता.

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. दीड सेकंदात चेंडू झेलून सरळ फेकता येतो. झेलला, जमिनीवर एक टप्पा दिला आणि मग फेकला, तर वेळ पुरत नाही. खेळ विश्रांतीला थांबला तेव्हा मुकादम आमच्या मेजाजवळच आपल्या पोरांना सांगत होता. मी स्वतः ऐकलं.

"सारसाला सरळ फेकू द्यायचं नाही. त्याच्या अंगाला अंग लावून उभा राहतो मी. त्याला एक टप्पा घ्यायला लावायचा, बस्स. टप्पा घेतला की मेला."

"आणि टप्पा घेऊनही टाकला तर?" एकानं विचारलं.

"दीड सेकंदात? ते बघ, घड्याळ बसलंय तिथे. त्याला विचार."

माझ्यावर इतका विश्वास त्याआधी कुणी दाखवला नव्हता.

चेंडू आत आला. सारसाच्या हाताला लागला, तो चट् आवाज मला ऐकू आला. मुकादम त्याला चिकटून उभा होता, सारसाला सरळ उडी घेता येईना. त्यानं चेंडू जमिनीवर आपटला. माझं मेज लाकडी फरशीवर उभं होतं. तो टप्पा मला पोटातून जाणवला.

आणि माझे आकडे हलले नव्हते.

मास्तरांचा अंगठा बटणावरच होता. पण मास्तर सारसाच्या तोंडाकडे बघत होते. पंधरा वर्षं त्यांनी फक्त चेंडू पाहिला होता. त्या एका वेळी, आता हा माणूस परत दिसणार नाही म्हणून, त्यांनी मान वर केली. टप्पा कानावर पडला तेव्हा अंगठा दबला आणि मी मोजू लागलो. सारस उडाला, चेंडू हातातून सुटला, हातभर पुढे गेला आणि तेव्हा कुठे माझा दिवा लागला. चेंडू जाळीतून खाली आला. छत उडेल असा गोंगाट झाला.

पंचांनी दिवा पाहिला होता, चेंडू पाहिला होता. दिव्याआधी चेंडू सुटला होता, यात शंकाच नव्हती. तेव्हा चित्रफीत बघून निर्णय बदलायचा नियम नव्हता. मेजावरचे बाकी सगळे उठले, फक्त मास्तर बसून राहिले. त्यांचा हात बटणावर तसाच होता.

गुणलेखक बाई म्हणाल्या, "मास्तर, अहो हसा की! जिंकलो आपण!"

मास्तर हसले. गणिताच्या पेपरात चूक सापडल्यावर ते जसे गप्प व्हायचे, तसं ते हसणं होतं.

त्यानंतरचं सांगताना माझी मला लाज वाटते. सारसाचा निरोप समारंभ झाला, तो क्रमांक पुन्हा कुणी घालू नये म्हणून त्याची बंडी मानानं छताला टांगली गेली. त्यानं सगळ्यांसमोर माझ्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाला, "याच्या दीड सेकंदानं माझ्या आयुष्याचं सोनं झालं." टाळ्या वाजल्या. मी बोलू शकत नाही हे खरं. पण त्या टाळ्या मला आवडल्या, हेही खरं. शाळांच्या सहली मला पाहायला येत. मी मिरवलो. पोटाखालची चिठ्ठी आठवून स्वतःला समजावलं, की बटण दाबल्यापासून मी बरोबरच मोजलं ना? माझं काय चुकलं?

आणि मुकादम? वर्तमानपत्रांनी लिहिलं, मुकादमाचा अंदाज चुकला. त्यानं स्वतःही तेच सांगितलं. चार संघांनी त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. त्यानं चौघांनाही एकच उत्तर दिलं, "ज्याला दीड सेकंद किती असतो ते कळत नाही, तो पोरांना काय शिकवणार?" आणि तो मेव्हण्याच्या रंगाच्या दुकानात बसायला लागला. खेळ ज्याला सर्वांत जास्त कळत होता, तो माणूस तीस वर्षं डबे हलवून रंग मिसळत राहिला. तो दुकानात बसायला लागल्याची बातमी गुणलेखक बाईंनी मास्तरांना सांगितली तेव्हा मी मेजावरच होतो. मास्तर त्या दिवशी बटण पुसायला विसरले.

जुनं क्रीडागृह पाडलं तेव्हा सारसाची बंडी नव्या क्रीडागृहात गेली आणि मला मास्तरांना भेट म्हणून दिलं. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात, पुस्तकांच्या फळीवर मी राहू लागलो. त्यांनी माझं तोंड भिंतीकडे केलं होतं. केर काढताना त्यांची मुलगी मला सरळ करायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीकडे वळलेला असायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी तिनं मला नुकतंच सरळ केलं होतं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मुलीनं दार उघडलं. मुकादम उभे होते. (तरुणपणी त्यांना मी अरेतुरे केलं, आता माझ्यानं होत नाही.) दोन्ही हात कठड्यावर, दम लागलेला.

"लिफ्ट नाही का हो तुमच्याकडे?"

"आहे, पण तिला मूड लागतो," मुलगी म्हणाली. "बसा ना. पाणी आणते."

मास्तर उभेच राहिले. मुकादम खुर्चीत टेकले, पाणी प्यायले आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाले, "मास्तर, एक विचारायला आलोय. वेडा म्हणाल. मी दुकानात रिकामा असलो की मोजतो. झेल, टप्पा, उडी, फेक. तीस वर्षं मोजतोय. बसत नाही हो दीड सेकंदात. एकदाही बसलं नाही. त्या दिवशी काही... म्हणजे घड्याळात काही बिघाड वगैरे?"

मुलगी दाराशी थांबली होती.

मास्तर म्हणाले, "घड्याळ चुकत नाही." मग त्यांनी मला खाली काढलं, उलटं केलं आणि चिठ्ठी दाखवली. "ही बघा. तपासनीसांची सही."

शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला वाटलं, माझी पेटी कुणीतरी चेपून टाकावी.

मुकादमांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मान हलवली. "मग संपलं. माझंच गणित कच्चं." त्यांनी माझ्या पत्र्यावर हळूच थाप मारली. "तुझ्यावर संशय घेतला बाबा. माफ कर."

ते उठले, मुलीला म्हणाले, "येतो गं," आणि बाहेर पडले. लिफ्टला अजून मूड नव्हता. जिन्यावर त्यांचं एकेक पाऊल ऐकू येऊ लागलं. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी.

मुलगी बापाकडे बघत होती. तिला काय माहीत होतं, कुणास ठाऊक. जे घड्याळ तिनं इतकी वर्षं सरळ केलं आणि बापानं भिंतीकडे वळवलं, त्यावरून तिला बरंच समजलं असावं.

"बाबा," ती म्हणाली, "गुडघे दुखतायत त्यांचे. खाली पोचायला पाच मिनिटं लागतील."

मास्तरांनी मला मेजावर ठेवलं. त्यांचा अंगठा सवयीनं बटणावर गेला. मी वाट पाहत होतो. बटण त्यांनी दाबलं नाही. ते पायात चपलाही न घालता बाहेर गेले, दार उघडंच राहिलं.

"मुकादम! थांबा! घड्याळ नाही चुकलं. मी चुकलो."

खालची पावलं थांबली.

"मी सारसाकडे बघत बसलो होतो. टप्पा पडल्यावर दाबलं मी बटण. तुम्ही त्याला टप्पा घ्यायला लावलात, तिथेच सामना संपला होता. तुम्ही जिंकला होता."

मग खालून मुकादमांचा आवाज आला, ते पायरीवर बसले असावेत. "म्हणजे माझा अंदाज बरोबर होता."

"बरोबर होता."

"तीस वर्षं, मास्तर." आवाज फाटला. "तीस वर्षं मी रंग ढवळले."

मास्तर म्हणाले, "मी मंडळाला लिहितो. वर्तमानपत्राला लिहितो."

"लिहा, नका लिहू. सारसाची बंडी खाली उतरवू नका म्हणावं. फेक त्याची खरीच होती." मग थोडं थांबून म्हणाले, "ते घड्याळ मला देता?"

म्हणून आता मी मुकादमांच्या घरी असतो, खिडकीशी, तोंड खोलीकडे करून. मास्तरांनी पत्र लिहिलं. मंडळानं कळवलं की जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. मुकादम सकाळी गुडघ्यांचे व्यायाम करतात, तीस सेकंद पाय वर, तीस सेकंद खाली, आणि बटण स्वतः दाबतात. शेजारच्या शाळेतल्या मुलींचा संघ आठवड्यातून दोनदा खिडकीबाहेरच्या अंगणात त्यांच्याकडे शिकायला येतो. वय झालंय, आवाज मात्र तोच: "तू तिकडे! नाही, तिकडे म्हणजे तिकडे!" त्यांचं बोलणं ऐकताना तीस वर्षांत किती मुलींना, किती मुलांना हे ऐकायला मिळालं असतं, हे मला मोजता येत नाही. मोजणं हे एकच काम येत असून येत नाही.

मला अजूनही लाज वाटते. मी बरोबर होतो, आणि त्या बरोबर असण्याच्या आड एक माणूस तीस वर्षं लपला आणि दुसरा चुकीचा ठरला. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या एखाद्या यंत्राकडे बोट दाखवून वाद मिटवत असेल, तर एवढंच म्हणेन, बटणावर कुणाचा अंगठा होता तेही विचारा.

मुली आल्या वाटतं. मुकादमांनी बटण हातात घेतलंय आणि पहिल्या मुलीकडे चेंडू टाकलाय. चट्. अंगठा दबला. मी निघालो. मग टप्पा पडला, आणि तो माझ्यात मोजला गेला.