खिळ्यावरची चावी

मित्रांनो, मी एक जुने लेथ मशीन आहे. शाळेच्या मागच्या कार्यशाळेत कुलपाआड उभे आहे. लोखंडी दांडा माझ्या जबड्यात, म्हणजे चकात, घट्ट धरून मी गरागरा फिरवते आणि मुले त्याला आकार देतात. चक आवळायची एक वीतभर चावी असते. ती चकातच राहिली आणि मी सुरू झाले, तर ती गोळीसारखी सुटते.

म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक लाल खिळा ठोकला होता. खिळ्यावर चावी दिसल्याशिवाय बटणाला बोट लावायचे नाही, हा त्यांचा नियम.

"मास्तर, जेवायच्या आधीपण खिळा बघायचा का?" दहावीतल्या चिमणीने एकदा विचारले.

"बघ बाई. जेवायला बोटं तरी शाबूत राहतील!"

वर्ग खो खो हसला. चिमणी वेल्डरची मुलगी. अंगाने काडी, पण हात असा सफाईदार, की तिचे काम मोजताना मास्तर चष्मा पुसून पुन्हा मोजत. दहावी झाली की शिकायला ये, असे एका कारखान्याने तिला सांगून ठेवले होते. तिने घरी दिवस मोजायला सुरुवातही केली होती.

मग मास्तर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आले नाही.

"मशीन तेच आहे ना? मुलं एकमेकांना शिकवतील," मुख्याध्यापक म्हणाले.

एक दिवस पाहुणे आले. चिमणी चक आवळत होती.

"चिमणे, तू केलेला बोल्ट दाखव की यांना!" मुख्याध्यापकांनी हाक मारली. चावी तशीच सोडून ती कपाटाकडे धावली.

"आणि हे बघा, आमचं म्हातारं अजून कसं पळतं!" असे म्हणत त्यांनीच बटण दाबले. खिळा मोकळा होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

बोल्ट घेऊन चिमणी वळली, तेवढ्यात चावी तिच्या उजव्या डोळ्यावर बसली.

डोळा गेला. कारखान्याने दुसऱ्याला घेतले. अपघाताच्या अहवालात लिहिले गेले, 'मशीन जुने', आणि कार्यशाळेला कुलूप लागले. जुने मी आहेच. पण माझ्यात बिघाड नव्हता.

परवा मास्तर कुलूप उघडवून तिला घेऊन आले. ती माझ्यापासून चार पावले लांबच उभी राहिली.

"मास्तर, चावी मीच सोडली होती."

मास्तर म्हणाले, "शिकताना मीही सोडली होती गं. माझ्या वस्तादांनी मनगट धरलं. तुझं धरायला मी नव्हतो."

तिने कोपऱ्यातली गंजलेली चावी उचलली आणि खिळ्यावर अडकवली.

मित्रांनो, मला तेल मिळाले नाही तर मी गंजेन, एवढेच. पण तुमच्या हाती यंत्र देणाऱ्याला आधी विचारा, "आमचं मनगट धरायला कोण उभं राहणार?" उत्तर मिळेपर्यंत बटण दाबू नका.